विश्लेषण : डॉक्टरांनी सांगितले, पण रुग्णाला काय कळले? दोन मिनिटांच्या ओपीडीत संवाद कुठे तुटतो?

‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे.’ शाळेपासून ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगले असेच ऐकत आलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ नेमका उलटा लागू शकतो. ‘पेशंट स्टेबल आहे’ हे असेच दुसरे वाक्य. डॉक्टरांच्या लेखी त्याचा अर्थ रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन सध्या आहे तिथे टिकून आहे, एवढाच. व्हेंटिलेटरवरचा रुग्णही स्टेबल असू शकतो. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांपर्यंत मात्र ‘धोका टळला’ असा निरोप पोहोचतो, गावाकडे फोन जातात, आणि पहाटे रुग्ण दगावला की ‘रात्री तर चांगला आहे म्हणाले होते’ या वाक्याने भांडण सुरू होते. यात कोणीही खोटे बोललेले नसते.

डॉक्टर कसे बोलतात हा स्वभावाचा प्रश्न मानला जातो. ‘हाताला गुण आहे, पण तोंड फटकळ आहे’ असे म्हणून लोक सोडूनही देतात. प्रत्यक्षात या बोलण्यावर औषध नीट घेतले जाणार की नाही, शस्त्रक्रियेची संमती कायद्यात टिकणार की नाही, हेसुद्धा ठरते. गेल्या काही वर्षांत वैद्यकीय अभ्यासक्रमात संवादाचा वेगळा विषयही आला आहे.

डॉक्टरांकडे वेळ किती असतो?

‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१७ मध्ये ६७ देशांतील प्राथमिक तपासणीच्या वेळेचा आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटे मिळत होती, बांगलादेशात ४८ सेकंद. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. जगाची निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते, तिथे हा वेळ पाच मिनिटे किंवा त्याहून कमी आहे, असे त्या आढाव्यात नोंदवले आहे.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हे गणित कागदावर मांडता येते. सकाळी नऊ ते दुपारी एक अशी चार तासांची ओपीडी आणि एका टेबलावर १०० केसपेपर, म्हणजे प्रत्येकी दोन मिनिटे २४ सेकंद. त्यातच रुग्णाने आत येणे, पिशवीतून जुने रिपोर्ट काढणे, तपासणी, चिठ्ठी लिहिणे आणि ‘अकरा नंबर खिडकीवर औषध घ्या’ हे सांगणे. चहा, वॉर्डातून आलेला फोन, मध्येच घुसलेला ‘साहेब, फक्त एक सही’ हे धरलेले नाही. एवढ्या वेळात सौजन्य कसे बसवायचे, हा डॉक्टरांचा सवाल खोटा नाही.

पण वेळ मोजण्याचे घड्याळ डॉक्टरांचे आणि रुग्णाचे वेगळे चालते. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची पाहणी झाली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टरांनी काही रुग्णांशी उभ्याने बोलायचे, काहींशी खुर्ची ओढून बसून. दोन्हीकडे प्रत्यक्ष वेळ साधारण मिनिट-दीड मिनिटच होता. बसून बोललेले डॉक्टर पाच मिनिटांहून जास्त थांबले, असे रुग्णांना वाटले. उभ्याने बोललेले पावणेचार मिनिटे. आपल्याकडच्या राऊंडमध्ये खाटेशेजारी स्टूल असते, त्यावर बहुतेक वेळा रुग्णाची पिशवी आणि थर्मास ठेवलेला असतो.

रुग्णाला बोलू दिले तर रांग हलणारच नाही?

ही भीती जुनी आहे. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी तपासणीच्या ध्वनिफिती ऐकल्या. रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला थांबवत होते. १९९९ च्या दुसऱ्या अभ्यासात हा आकडा २३ सेकंद निघाला, २०१८ च्या अभ्यासात ११ सेकंद. मध्येच प्रश्न विचारणे प्रत्येक वेळी वाईट नसते. ‘दुखतंय ते उजवीकडे की डावीकडे?’ हा प्रश्न लवकर आलेलाच बरा.

मग न थांबवता बोलू दिले तर रुग्ण किती वेळ बोलतो? स्वित्झर्लंडमधील बाझल येथील विद्यापीठ रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ते मोजले आणि निष्कर्ष २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापले. डॉक्टरांनी गप्प राहून ऐकायचे आणि रुग्णाला कळू न देता स्टॉपवॉच चालू करायचे. ३३५ रुग्णांचा सरासरी वेळ भरला ९२ सेकंद. सुमारे ७८ टक्के रुग्णांचे सांगून दोन मिनिटांत संपले. पाच मिनिटांहून जास्त बोलणारे फक्त सात निघाले, आणि त्यांनी जे सांगितले ते ऐकण्यासारखेच होते, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. ९२ सेकंदही आपल्या ओपीडीला परवडत नाहीत, असे कोणी म्हणेल. ते बरोबरही आहे. पण ११ आणि ९२ यांच्या मध्ये बरीच जागा आहे.

‘१-०-१’चा घोळ

चिठ्ठीवर औषधापुढे ‘१-०-१’ लिहिलेले असते: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. काही ठिकाणी ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एसओएस’ लिहिले जाते. म्हणजे अनुक्रमे दिवसातून दोनदा, तीनदा आणि गरज पडली तर. हे सांगायचे काम डॉक्टर केमिस्टवर सोडतात आणि केमिस्ट पाकिटावर पेनाने रेघा मारून मोकळा होतो. ‘उपाशीपोटी या’ म्हटल्यावर चहा-बिस्किटावर आलेले रुग्ण प्रयोगशाळेत रोज दिसतात. त्यांच्या लेखी जेवण झालेले नसते, म्हणजे पोट उपाशीच. चतुर्थीचा किंवा नवरात्रीचा उपवास असताना मधुमेहाच्या गोळीचे आणि इन्सुलिनचे काय करायचे, हे रुग्ण विचारत नाही आणि डॉक्टरही आपणहून सांगत नाहीत. शुगर घसरून घेरी आली की दोघांनाही आठवते.

सर्वांत महाग पडतो तो ‘आता बरे वाटतेय’चा गैरसमज. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढते, आणि रुग्ण कामावर परततो. जंतू मात्र शरीरात शिल्लक असतात. गोळ्या इथे सुटल्या तर आजार उलटतो, आणि औषधांना दाद न देणारा क्षय होण्याचा धोका वाढतो. ‘सहा महिने गोळ्या घ्या’ एवढे सांगणे आणि ‘दोन महिन्यांनी तुम्हाला एकदम बरं वाटेल, नेमकं तेव्हाच गोळ्या सोडायच्या नाहीत’ हे सांगणे, यात फरक दहा सेकंदांचा आहे.

ऐकलेले लक्षात राहते का, याचेही उत्तर उपलब्ध आहे. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, आणि जे आठवते त्यातले जवळपास निम्मे चुकीचे असते, असे २००३ च्या एका आढाव्यात नमूद आहे. त्यावरचा उपाय सोपा आहे. सांगून झाल्यावर रुग्णालाच विचारायचे, ‘घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल, कोणती गोळी कधी?’ व्हॉट्सअॅपवर मेसेज गेला की एक टिक, पोहोचला की दोन. दुसरी टिक आल्याशिवाय तो पोहोचला असे कोणी धरत नाही. ‘कळलं ना?’ या प्रश्नावर मान हलवणे ही दुसरी टिक नव्हे. मोठ्या डॉक्टरांसमोर कोणीही मान हलवतो.

अहो-जाहो आणि अगं-तुगं

हा भाग इंग्रजी संशोधनात सापडत नाही, कारण इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच. मराठीत पंचविशीतील निवासी डॉक्टर सत्तरीच्या बाईला ‘आजी, कसं वाटतंय तुम्हाला?’ म्हणू शकतो आणि ‘ए आजी, कूस बदल’ असेही. कपड्यांवरून आणि पिवळ्या रेशनकार्डावरून सर्वनाम ठरते, हे सरकारी वॉर्डात चार दिवस काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे नावच जाते आणि ‘१४ नंबरचा हर्निया’ उरतो. सर्वांत वाईट अवस्था प्रसूतिगृहात. कळा देताना ओरडणाऱ्या बाईला ऐकवले जाणारे टोमणे इथे छापता येणार नाहीत. केंद्राने २०१७ च्या अखेरीस सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतीवेळी सन्मानाने वागणूक ही वेगळी अट घालावी लागली, ती उगाच नाही.

भाषेची आणखी एक अडचण आहे. सरकारी महाविद्यालयांत एमबीबीएसच्या १५ टक्के आणि पदव्युत्तरच्या ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यामुळे रात्रपाळीचा डॉक्टर राजस्थान किंवा केरळचा असू शकतो आणि समोरच्या आजोबांची ‘छातीत चमक निघते’, ‘पोटात कालवतंय’, ‘अंग मोडून आलंय’ ही तक्रार सिस्टर किंवा वॉर्डातल्या मावशी भाषांतर करून सांगतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने रुग्णालय बांधण्याआधी आदिवासींनाच विचारले होते, तुम्हाला दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहू द्या, अशी उत्तरे आली. त्यानुसार झोपड्यांसारखी रचना झाली आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

वाईट बातमी सांगण्याची पद्धत असते?

असते, आणि ती शिकता येते. वॉल्टर बेली, कर्करोगतज्ज्ञ रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेली ‘स्पाइक्स’ ही सहा पायऱ्यांची पद्धत जगभर वापरली जाते. पहिली पायरी जागेची: कॉरिडॉरमध्ये, लिफ्टपाशी, दहा माणसांत सांगायचे नाही. मग रुग्णाला आतापर्यंत काय माहीत आहे ते विचारायचे. मग किती जाणून घ्यायचे आहे ते. त्यानंतर बातमी, सोप्या शब्दांत आणि थोडी थोडी. मग थांबायचे, रडू द्यायचे. शेवटी पुढे काय करायचे ते ठरवायचे. आपल्याकडे बहुतेक वेळा चौथ्या पायरीपासून सुरुवात होते आणि सहावीवर उडी जाते: ‘कॅन्सर आहे, सोमवारी अॅडमिट व्हा.’

केट ग्रेंजर या ब्रिटिश डॉक्टर स्वतः रुग्ण झाल्या, तेव्हा त्यांना हे दुसऱ्या बाजूने कळले. २०११ मध्ये विशीच्या अखेरीस त्यांना दुर्मीळ कर्करोग झाला. तो पसरल्याचे एका कनिष्ठ डॉक्टरने त्या खोलीत एकट्या असताना, नजर न मिळवता सांगितले. २०१३ मध्ये पुन्हा दाखल असताना त्यांच्या लक्षात आले, की खाटेपाशी येणारे अनेक जण स्वतःचे नावही सांगत नाहीत. त्यातून ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू झाली. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. मोहीम ब्रिटनच्या आरोग्य सेवेत रुजली. मागणी एवढीच होती, आधी आपले नाव सांगा.

‘बाबांना सांगू नका’

इथे भारतीय डॉक्टरांची अडचण वेगळी आहे. रिपोर्ट आधी मुलाच्या हातात पडतो आणि तो केबिनमध्ये एकटा येऊन म्हणतो, ‘डॉक्टर, त्यांना काही सांगू नका, धसका घेतील.’ मग गाठ ‘साधी’ होते, केमोथेरपीचे ‘सलाईन’ होते, रेडिएशनचा ‘शेक’ किंवा ‘लाइट’ होतो. केस गळू लागल्यावर आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलल्यावर बाबांना सगळे कळते. ते मुलांना तसे दाखवत नाहीत. घरातले सगळे एकमेकांपासून लपवत असलेली गोष्ट सगळ्यांना माहीत असते. बँकेचे व्यवहार, जमिनीची वाटणी, मुलीचे लग्न, कोणाची माफी मागायची राहिली असेल तर ती, हे सगळे त्या लपवाछपवीत राहून जाते.

डॉक्टरांसाठीची २००२ ची नियमावली आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे म्हणते. माहिती रुग्ण, नातेवाईक किंवा जबाबदार मित्र यांना असावी, अशी तिची भाषा आहे. म्हणजे कुटुंबाला तिने बाहेर ठेवलेले नाही. त्यामुळे ‘स्पाइक्स’ची तिसरी पायरी इथे कामाची ठरते. मुलाला झिडकारायचे नाही आणि त्याचे ऐकून खोटेही बोलायचे नाही. बाबांनाच विचारायचे, ‘तपासणीचं सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?’ काही वडील म्हणतात, ‘त्यालाच सांगा.’ तोही त्यांचा हक्कच आहे.

संमतीपत्रावरच्या सहीचे काय?

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निकाल यात महत्त्वाचा आहे. दिल्लीतील ४४ वर्षांच्या अविवाहित महिलेने दुर्बिणीतून निदान, आणि गरज पडली तर दुर्बिणीतूनच शस्त्रक्रिया, यासाठी संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढले. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असे न्यायालयाने म्हटले नाही. पण रुग्ण सज्ञान होती, जीव वाचवण्याची तातडी नव्हती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. त्यामुळे आईची संमती चालणार नाही आणि निदानाची संमती उपचारालाही लागू होत नाही, असे स्पष्ट केले. शस्त्रक्रियेची फी नाकारली आणि २५ हजार रुपये भरपाई दिली.

रक्कम छोटी, पण या निकालाने यादी घालून दिली: उपचार काय आणि कसा होणार, त्याचा फायदा काय, परिणाम आणि गुंतागुंत काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारले तर काय होईल. अगदी क्वचित घडणारे धोके सांगण्याचे बंधन नाही. ही यादी हातात धरून शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ‘इथे, इथे आणि इथे सही करा’ म्हणून पुढे केला जाणारा इंग्रजी फॉर्म पाहिला, तर तफावत लक्षात येते.

बोलणे सक्तीचे केले की ते होते, याचेही उदाहरण देशातच आहे. एचआयव्ही तपासणीसाठी सरकारी रुग्णालयांत आयसीटीसी केंद्रे आहेत. तिथे चाचणीआधी आणि नंतर समुपदेशक रुग्णाशी एकांतात बोलतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने त्याला कायद्याचा आधार दिला. कर्करोगाचे किंवा डायलिसिसचे निदान ऐकणाऱ्याला असा माणूस मिळणे मात्र नशिबावर आहे.

कॉलेजात हे शिकवतात का?

२०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसमध्ये ‘एटकॉम’ हा वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा विषय आला. सुरुवातीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषाही आहे. अडचण आहे ती वॉर्डात. वर्गात सहानुभूतीचा धडा झाला, लॉगबुकवर सही मिळाली, आणि दुपारी राऊंडमध्ये वरिष्ठ रुग्णासमोरच त्याच्या आजाराची चर्चा इंग्रजीत करून निघून गेले, तर विद्यार्थी दुसरे उदाहरण उचलतो. वैद्यकीय शिक्षणात याला ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हणतात. फिलाडेल्फियातील जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची सहानुभूती वर्षागणिक मोजली, तेव्हा ती तिसऱ्या वर्षी घसरलेली दिसली. तिथे तिसरे वर्ष म्हणजे विद्यार्थी वॉर्डात पाऊल टाकतो ते वर्ष. सलग ड्युटी केलेल्या निवासी डॉक्टरच्या आवाजात मार्दव शोधणे हेही थोडे अन्यायाचेच आहे.

बोलण्याचा आणि तक्रारींचा संबंध

१९९७ च्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांच्यावर कधी दावा झाला नाही असे फॅमिली डॉक्टर रुग्णाला सरासरी १८.३ मिनिटे देत होते. दावे झालेले १५ मिनिटे. पहिल्या गटातले डॉक्टर ‘आधी तपासतो, मग बोलू’ असे पुढचे सांगून ठेवत आणि थोडी थट्टाही करत. शल्यविशारदांमध्ये हा फरक दिसला नव्हता. पण २००२ मध्ये शल्यविशारदांच्या संभाषणाचे दहा सेकंदांचे तुकडे, शब्द कळणार नाहीत असे गाळून, लोकांना ऐकवले गेले. ज्यांचा सूर हुकमी वाटला, त्यांच्यावर दावे झालेले असण्याचे प्रमाण जास्त निघाले.

महाराष्ट्रात हा राग दाव्यापर्यंत न थांबता मारहाणीपर्यंत जातो. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात डॉक्टरवर झालेल्या हल्ल्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले होते. हल्लेखोरांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड करणारा राज्याचा कायदा तेव्हाही होता, २०१० पासून. मारहाणीचे समर्थन कोणत्याही उद्धट वाक्याने होत नाही. तरीही, अतिदक्षता विभागाच्या दारावर दिवसातून दोन ठरलेल्या वेळा एकाच डॉक्टरने येऊन बोलणे, हा उपाय सुरक्षारक्षकांच्या तुकडीपेक्षा स्वस्त आहे.

रुग्ण काय मागू शकतो?

केवळ तुसडे बोलणे म्हणजे वैद्यकीय निष्काळजीपणा नव्हे. त्यावर भरपाई मिळत नाही. मात्र माहिती न देणे, संमतीशिवाय उपचार करणे किंवा कागद अडवून ठेवणे याविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि ग्राहक आयोगाकडे जाता येते. राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ती अनेकदा बिलाच्या खिडकीमागच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या आड असते. पण मागितली तर दाखवावी लागते.

ओपीडीत जाण्याआधी तीनच प्रश्न मोबाइलवर टाइप करून नेले तर दोन मिनिटे पुरू शकतात: मला काय झालंय, आता काय करायचं, आणि काय झालं तर लगेच परत यायचं. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. आयसीयूत ‘स्टेबल’ ऐकल्यावर ‘कालपेक्षा बरं, वाईट की तसंच?’ एवढे विचारावे. डॉक्टरांना विचारून सूचना फोनवर रेकॉर्ड करणे हाही पर्याय आहे. न विचारता केले तर मात्र पुढचा सगळा संवाद बिघडतो.

कागदपत्रांचा नियम जुनाच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेली नवी नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली, त्यामुळे २००२ चीच लागू आहे. तिच्यानुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्या, की अर्जाची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. अर्ज साध्या कागदावर हाताने लिहिलेला चालतो. त्याच्या प्रतीवर तारीख, वेळ आणि रुग्णालयाचा शिक्का घेतला, की ७२ तास तिथून मोजायचे.